अननसाच्या रसातले पाणी

दोन रकाने

आहारतज्ज्ञ मुलीने माझ्यासमोर एक कागद सरकवला. त्यावर दोन रकाने होते. डावीकडे ‘वर्ज्य’ आणि उजवीकडे ‘चालेल’. डावा रकाना लांब होता. संत्री, मोसंबी, केळी, आंबा, चिकू, शहाळ्याचे पाणी. वाचता वाचता मला वाटले, कुणी माझ्या माहेरचा नकाशा काढून त्यावर एकेक काट मारत गेले आहे. अंजनगाव सुर्जीच्या बाहेर आमचा संत्र्याचा बगीचा. आंबिया बहार फुलला की घरातल्या माठाच्या पाण्यालाही त्या पांढऱ्या फुलांचा वास येई. बांधावर केळी. आमच्या घरी पाहुण्यासमोर फळ कधी चिरून ठेवले नाही, टोपली ठेवली.

उजव्या रकान्यात तीनच नावे होती. सफरचंद, नासपती, अननस.

“अननस?” मी विचारले.

“हो मॅडम. बाकीच्या फळांपेक्षा त्यात पोटॅशियम कमी असतं. दोन चकत्या, तेही अधूनमधून. संत्र्याचं मात्र नावच काढू नका.”

मूत्रपिंडे थकली की रक्तातले पोटॅशियम बाहेर पडत नाही आणि साचले की ते थेट हृदयावर घाला घालते, हे तिने मला समजावले. मी मान हलवली. अननस आमच्या वऱ्हाडात पिकत नाही. तो दूर दक्षिणेकडून ट्रकमध्ये बसून येतो. आई त्याला उष्ण म्हणे आणि घरात येऊ देत नसे. आयुष्यभराची सारी ओळखीची फळे दाराबाहेर गेली आणि हे काटेरी, परके फळ तेवढे आत आले.

निदान

त्याआधी तीन आठवडे माझ्या सपातांचे पट्टे पायावर वळ उठवत होते. संध्याकाळी पोटरीवर बोट दाबले तर खळगा पडे आणि बराच वेळ तसाच राही. तोंडात जुन्या पितळी भांड्याची चव होती. अमरावतीच्या महाविद्यालयात मी मराठी शिकवते. वर्गात कविता वाचताना ओळ संपण्याआधीच श्वास संपू लागला, तेव्हा मी पाळीला, वयाला, खडूच्या धुळीला, सगळ्यांना दोष देऊन पाहिला. रक्तदाबाची गोळी मी वर्षानुवर्षे आठवेल तेव्हा घेत होते. तो दोष माझा, आणि तो मी कुणावर ढकलत नाही.

डॉक्टरांनी अहवाल वाचला, चष्मा काढला आणि माझ्याऐवजी माझ्या पतींकडे पाहिले. मला तेव्हाच समजले. खोलीत फिनाईलचा वास होता. खिडकीबाहेर कुणीतरी मोटरसायकल चालू करायचा प्रयत्न करत होते. ती चालू होईना. डॉक्टर बोलत असताना मी त्या मोटरसायकलीकडे कान लावून होते. ती चालू झाली तर बरे होईल, असे काहीतरी मनात धरून बसले होते. ती चालू झाली नाही. त्या माणसाने ती ढकलत नेली.

खाट क्रमांक चार

सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सात ते अकरा डायलिसिस, यंत्रातून रक्त धुऊन घेणे. डाव्या हातात शीर आणि धमनी जोडून केलेला एक सांधा, ज्याला सगळे फिस्टुला म्हणतात. त्यावर तळहात ठेवला की आत सतत काही थरथरते. लांबच्या विहिरीवर पंप सुरू असावा आणि त्याची धडधड जमिनीतून अनवाणी पायांना कळावी, तशी ती थरथर. आरंभी मला तिची भीती वाटे. पुढे ती थांबेल की काय याची भीती वाटू लागली.

आत जाण्याआधी वजन करायचे. आधीच्या डायलिसिसनंतरच्या वजनापेक्षा जितके जास्त, तितके अंगात साठलेले पाणी. ते चार तासांत यंत्राने ओढून काढायचे. म्हणून तिथे कुणी कुणाला ‘कसे आहात’ विचारत नाही. शेजारच्या खाटेवर तेल्हाऱ्याचे जानराव काका असत. मला पाहताच ते पांघरुणातून हात वर करीत.

“मॅडम, आज किती आनलं?”

“दोन किलो.”

“लय हुशार. मी साडेतीन आनलं. लग्न होतं ना बाप्पा, मठ्ठा दिसला अन् जीव नाई राहिला.”

“काका, पोटऱ्यांत गोळे येतील आता,” तंत्रज्ञ सोनाली सुया हातात घेत म्हणे.

“येऊ दे. मठ्ठ्याचे पैसे वसूल झाले.”

पाणी वेगाने ओढले की पोटरीचे स्नायू दोरखंडासारखे पिळतात. काका तेव्हा मोठ्याने देवाचे नाव घेत, आणि मधेच मठ्ठ्याचेही.

मला दिवसाला एक लिटर द्रव. त्यात चहा आला, वरण आले, गोळी गिळण्याचा घोटही आला. पती सकाळी एक बाटली भरून ठेवत. तहानेविषयी मी पूर्वी पुष्कळ कविता शिकवल्या होत्या. खऱ्या तहानेला उपमा सुचत नाही. जीभ टाळूला चिकटते आणि सोडवताना कागद फाटल्यासारखा आवाज येतो, इतकेच.

वंदू

वंदना माझी धाकटी बहीण. अकोल्याला दिली आहे. तिच्या यजमानांचे, रमेशरावांचे, फुलांचे दुकान आहे. मला मूत्रपिंड कोण देणार? माझ्या पतींना मधुमेह, आईचे वय झालेले, आम्हाला मूलबाळ नाही. वंदूचा रक्तगट जुळला. तिने फोनवर सांगितले, “मी देऊन राहिली. आता यावर कोनी बोलाचं नाई.”

रमेशराव मात्र बोलले. समोर बसून, सरळ बोलले. “तिले कायी झालं तं मायी दोन लेकरं कोन पाहीन?” त्यांचा प्रश्न रास्त होता. महिनाभर ते घुटमळत राहिले. मग कागदपत्रांसाठी तयार झाले, कारण पतीच्या संमतीची सही लागते. डॉक्टरांनी माझ्यापुरती एकच अट घातली. शस्त्रक्रियेआधी माझ्या हृदयाची तपासणी होईल. अंगात वारंवार जास्त पाणी साचले तर हृदय ताणून सैल पडते, आणि तसे हृदय भुलीचा भार पेलू शकत नाही. “उन्हाळा सांभाळा,” ते म्हणाले. “जूनमध्ये इको करू. हृदय चांगलं असेल तर पुढे जाऊ.”

सांभाळायचा होता तो एक उन्हाळा.

अकोल्यातले पंधरा दिवस

महाविद्यालयाला सुटी लागली. वंदूच्या तपासण्या अकोल्यात चालू होत्या, म्हणून मी पंधरा दिवस तिच्याकडे राहायला गेले. तिथल्याच एका रुग्णालयात माझे डायलिसिस ठरवले. अकोल्याचे मे महिन्यातले ऊन ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वर्णन नको. भिंतीला पाठ टेकवत नाही. कूलरचे वारेही दुपारी भट्टीच्या तोंडातून आल्यासारखे येते.

रमेशराव पहाटे फुलबाजारात जात आणि परतताना व्हॅनमध्ये झेंडूच्या पोत्यांशेजारी एक अननस घेऊन येत. वंदूने कागदावरचा उजवा रकाना वाचला होता. अननस चालतो. आता तिच्या मायेला वाट सापडली. ती त्याची साल काढी, एकेक डोळा तिरप्या सुरीने कोरून काढी, आणि घरभर तो वास पसरे. गुळाच्या कढईत कुणी लिंबू पिळावे तसा. पहिल्या दिवशी तिने दोन चकत्या दिल्या. मी त्या इतक्या सावकाश चघळल्या की ती पाहातच राहिली. दुसऱ्या दिवशी तिने रस काढला.

“वंदू, रस मोजावा लागेल.”

“अवं ताई, थे तं फळ हाय. पानी कुठी हाय थ्यात? म्या थेंबभर नाई टाकलं.”

हे कुणा परक्याला पटणार नाही. पण आम्ही दोघी ज्या घरात वाढलो तिथे हे उघड सत्य होते. आई कडक उपवास करी. पाण्याचा थेंब घेत नसे. मात्र दुपारी संत्र्याचा रस पेलाभर घेई आणि सायंकाळी अभिमानाने सांगे, आज मी पाण्याला शिवले नाही. बगीचेवाल्यांच्या घरात रस हा फळाचा असतो. पाणी म्हणजे माठातले. वंदूने बाटलीतले एक लिटर इमानाने मोजले. पेल्यातला रस तिने मोजला नाही. वर चवीला काळे मीठ आणि जिऱ्याची पूड टाकली. मिठाने तहान वाढली, तहानेने दुसरा पेला आला, आणि मग तिसरा.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला बराच काळ लागला. मला ठाऊक होते. सोनालीने दहादा सांगितले होते की जे पातळ ते पाणी. दुसऱ्या घोटालाच मी समजले होते. पण स्टीलच्या पेल्यावर बाहेरून दव जमले होते, रस गळ्यातून उतरताना आंबट रेघ ओढत जात होता, आणि तळाशी फेस उरला होता. मी तो बोटाने निपटून घेतला. तिथल्या तंत्रज्ञाने वाढत्या वजनाकडे पाहून आठी घातली, तर मी उन्हाचे नाव सांगितले. रसाचे सांगितले नाही.

दुसऱ्या आठवड्याचा शुक्रवार गेला. मधल्या दोन दिवसांनंतर सोमवारी सकाळी मला आडवे होता येईना. बसले तरी छातीवर कुणी ओले घोंगडे दाबून धरल्यासारखे झाले. रमेशरावांनी मला फुलांच्या व्हॅनमधूनच रुग्णालयात नेले. त्या उष्ण, कुजक्या झेंडूच्या वासात मी हवा शोधत होते आणि वंदू माझी पाठ चोळत म्हणत होती, “घे ना ताई, घे ना वं श्वास.”

अंगात सहा किलो पाणी होते.

डॉक्टरांनी विचारले, “पाण्याव्यतिरिक्त काय काय देत होता?”

वंदू म्हणाली, “अननसाचा रस. थो तं चालते ना?”

“किती?”

तिने हवेत बोटांनी पेल्याची उंची दाखवली. “दिवसातून तीन बारी.”

डॉक्टरांनी डोळे मिटले. रमेशरावांनी तिच्याकडे पाहिले. माझ्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता, म्हणून मी बोलू शकले नाही. संध्याकाळी तो काढला. तेव्हाही मी बोलले नाही.

जून

इको झाला. हृदयाची ताकद उतरली होती. डॉक्टर म्हणाले, चार महिने थांबू, पाणी अगदी काटेकोर ठेवा, मग पुन्हा पाहू.

रमेशरावांचा फोन पतींना आला. मी शेजारीच बसले होते; त्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. “भाऊजी, राग नका मानू. मायी बायको साधा रस मोजू नाई शकली. उद्या ऑपरेशन झाल्यावर काय सांभाळीन? मी आता सही नाई करत.”

त्यांचा सारा राग वंदूवर होता. तिचे अडाणीपण, तिची घाई. मी खरे सांगितले असते तर राग माझ्याकडे वळला असता, आणि ज्या बाईला स्वतःच्या जिवाची फिकीर नाही तिच्यासाठी ते सही कशाला करतील? मी गप्प राहिले. आजारी माणूस बिचारा असतो असे लोक समजतात. तो लबाडही असतो. जगण्यासाठी मी माझ्या बहिणीला दोषी राहू दिले.

बर्फाचे तुकडे

त्या चार महिन्यांत मला तगवले तेही अननसानेच, हे सांगितले नाही तर त्या फळावर अन्याय होईल. सोनालीने युक्ती शिकवली. चकतीचे बोराएवढे तुकडे करायचे, ते बर्फाच्या कप्प्यात गोठवायचे, आणि तहान अनावर झाली की एक तुकडा जिभेवर ठेवायचा. दिवसाला चार. तेही त्या लिटरात धरायचे. घोटभर पाण्याने जी तहान दोन मिनिटेही शमत नसे, ती त्या आंबट गारव्याने अर्धा तास दूर राही. तोंडातली पितळी चव पुसली जाई. सुकलेल्या जिभेखाली लाळ सुटे.

तोटेही सांगते. सलग चार-पाच दिवस घेतला की जीभ चरचरते, कडांना बारीक फोड येतात. मग दोन दिवस बंद. रिकाम्या पोटी घेतला तर छातीत जळजळते. पतींनी एकदा कौतुकाने माझ्यासोबत अर्धा अननस खाल्ला आणि त्यांची साखर चढली. रक्त पातळ करणारी औषधे घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारावे. गाडीवरचा कापलेला, मसाला लावलेला अननस तर आपल्यासारख्यांसाठी नाहीच. आणि अननसाने रोग बरा होत नाही. लोक मला मोबाईलवर तसे संदेश पाठवत. मूत्रपिंड धुऊन निघते म्हणे. मला ते वाचून हसू येई, आणि हसण्याचाही कंटाळा येई.

ऑक्टोबरात इको पुन्हा झाला. हृदय सावरले होते. सही मात्र नव्हती.

बाकावर

एका बुधवारी अकरा वाजता मी डायलिसिस संपवून बाहेर आले, हातावर बोळा दाबून. बाहेरच्या बाकावर रमेशराव बसले होते. कुणाला न सांगता एसटीने आले होते. बोटांवर झेंडूचा पिवळा डाग होता.

“कशा हा?”

“बरी आहे.” मी त्यांच्या शेजारी बसले. दमले होते. डायलिसिसनंतर अंग पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखे होते, आणि त्या थकव्यात लबाडी पेलण्याचेही बळ उरत नाही. मी म्हटले, “रमेशराव, वंदूचा दोष नाही. रस मोजायचा असतो हे मला माहीत होतं. मी जाणूनबुजून प्यायले.”

ते बोटावरचा पिवळा डाग अंगठ्याने घासू लागले. मग म्हणाले, “मंग आतापावतो काहून नाई बोलल्या?”

“तुम्ही सही केली नसती.”

“नसतीच केली.”

तेवढ्यात सोनाली दारात आली. त्यांनी तिला हाक मारली. “अवं बाई, आज यायनं किती आनलं?”

“एक किलो दोनशे.”

“अन् मांगच्या बारीले?”

“तेवढंच. चार महिन्यांत मॅडमनी दीडच्या वर आणलं नाही. सगळ्या शिफ्टमध्ये असं कुणीच नाही.”

रमेशराव उठले. पिशवी काखेत मारली. “चार महिने मायी बोलनी खाल्ली तिनं,” ते म्हणाले. “रोज. अन् एका शब्दानं बोलली नाई.” हे मला उद्देशून होते की स्वतःला, ते समजले नाही. जेवून जा म्हटले तर थांबले नाहीत.

रात्री जेवणाआधी वंदूचा फोन आला. ती चिडली होती.

“काहून सांगतलं वं तू त्याइले? मी करून राहिली होती ना सहन. बिघडवलं असतं सारं.”

“वंदू, मला ठाऊक होतं. मी तुला अडवायला हवं होतं.”

पलीकडे भांडे ठेवल्याचा आवाज झाला.

“मलेबी मालूम होतं ताई,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशीच समजलं होतं. पन तुयी जीभ पाहवत नव्हती. कोरडी, चिरा पडलेली. तू पेला तोंडाले लावला का डोये मिटत होती. मले वाटलं, पिऊ दे. एक दिवस पिऊ दे. मंग दुसरा दिवस आला.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ती म्हणाली, “सही केली त्याइनं. आताच. जेवता जेवता म्हने, पेन दे.”

तिसरा दिवस

शस्त्रक्रियेविषयी लिहिण्यासारखे माझ्याकडे थोडे आहे. दिव्यांचा पांढरा प्रकाश, दातावर दात आपटतील अशी थंडी, आणि मग काहीच नाही. शुद्धीवर आले तेव्हा परिचारिका खाटेखाली वाकून म्हणत होती, “बघा ताई, पिशवी भरत आली.” जवळपास दोन वर्षे मला लघवी झाली नव्हती. नळीतून उतरणाऱ्या त्या पिवळसर पाण्याकडे मी मान वळवून पाहिले आणि पुन्हा झोपी गेले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “आता पाणी प्या. भरपूर. नव्या किडनीला ते हवंय.” परिचारिकेने काठोकाठ भरलेला पेला हातात दिला. मी एक घोट घेतला, तोंडात धरला, हळूहळू जिरवला आणि पेला खाली ठेवला.

वंदू पोटाला हात लावून, भिंतीच्या आधाराने तिच्या खोलीतून चालत आली होती. चेहरा ओढलेला होता. तिचे दुखणे माझ्यापेक्षा मोठे होते. देणाऱ्याची जखम जास्त ठणकते, हे मला कुणी आधी सांगितले नव्हते. ती दारातच टेकून उभी राहिली.

“काय वं, ठेवला काहून? पे ना.”

“किती पिऊ?”

“पे जेवडं लागते तेवडं.”

मी पेल्याकडे पाहिले. मला किती लागते, हे मला सांगता येईना. वंदू सावकाश आत आली, खुर्चीवर बसली, आणि मी तो पेला संपवेपर्यंत उठली नाही. दुसरा मी मागितला नाही. तो मागता येतो हे कळायला मला आणखी दोन दिवस लागले.